सम्राटाच्या सामानाची यादी

तमाम नाट्यरसिक, हौशी कलावंत, नाटक कमिटीचे अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि ज्यांना कुठलंच पद मिळालं नाही असे सर्व सभासद यांना कळविण्यास अत्यंत दुःख होते की, वसमत येथील आमच्या नाट्य ड्रेपरीतील लंकाधिपती रावणाचे डावीकडून तिसरे मुंडके काल पहाटे उंदरांच्या हल्ल्यात धारातीर्थी पडले आहे. उरलेली नऊ मुंडकी सुखरूप असून त्यांची प्रकृती स्थिर आहे. ज्या गावांना दहातोंडीच रावण हवा असेल त्यांनी अन्यत्र चौकशी करावी.

ही जाहिरात मी खरोखर दुकानाच्या फळीवर खडूनं लिहिली होती. त्याच दिवशी हट्टा गावचे एक कारभारी आले, सगळं वाचलं, कान खाजवत विचार केला आणि म्हणाले, "नऊच द्या. आमच्याकडं मोजून राहिलं कोण?"

असा आमचा धंदा. आता तो बंद पडल्यात जमा आहे, तेव्हा गुपितं सांगायला हरकत नाही. ड्रेपरी म्हणजे नाटकाला लागणारं सोंग भाड्यानं देणं. मुकुट, दाढ्या, टोप, अंगरखे, तलवारी, पडदे, आणि वर तोंड रंगवायला मी स्वतः. आम्ही वसमतचे गुरव. वडील देवळात देवाला नेसवायचे, दागिने घालायचे, आणि मी मागं उभा राहून निऱ्या कशा बसतात ते बघायचो. तेच पुढं कामाला आलं. फरक एवढाच की देव हलत नाही, घाम पुसत नाही आणि मुकुट घेऊन पळून जात नाही. माझी गिऱ्हाइकं तिन्ही करायची.

हा धंदा यादीवर चालतो. नाटक बसवणारा माणूस गावाहून यादी घेऊन येतो, मी ती वाचतो आणि पेट्या भरतो. नाटकाची वही मी कधीच वाचली नाही. गरजच नसायची. तलवारी जास्त, लुगडी कमी, म्हणजे ऐतिहासिक. लुगडी जास्त आणि बंदूक एकच, म्हणजे सामाजिक. 'दाढी एक, बाटली एक' असं असलं की समजायचं, दारूबंदीचं आहे आणि करणारे सगळे पिणारे आहेत.

याद्यांत नाटकाबाहेरचंही काही यायचं. एक जवान गडी मुलगी पाहायला जायचं म्हणून मिशी घेऊन गेला. झुपकेदार. पसंती झाली. मग साखरपुड्याला पुन्हा तीच मिशी, लग्नात पुन्हा तीच. लग्नानंतर महिन्यानं नवराबायको दोघं दुकानात आले. मला वाटलं, आता मारतात. तर बाई म्हणाली, "दादा, ही मिशी आता घरीच राहू द्या. ह्यांची स्वतःची उगून राहिली, पर तशी दिसत न्हाई."

हे असं मी तासन्‌तास सांगू शकतो, आणि सांगतोही; माझ्या घरच्यांना विचारा. पण आज मला एका माणसाच्या याद्या सांगायच्या आहेत. त्या मी जपून ठेवल्यात. बाकीच्या याद्यांत मी चणे-फुटाणे बांधून दिले.

ब्याण्णव सालच्या भाद्रपदात एक गुरुजी दुकानात आले. डोंगरकड्याच्या पुढच्या एका खेड्यातले, जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर. आमचा तालुका तेव्हा परभणी जिल्ह्यात होता. अंगानं बारीक, पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. कविता करायचे. भीमजयंतीला, बुद्धपौर्णिमेला त्यांची गाणी आसपासच्या पाच-सात गावांत म्हटली जात. आता त्यांनी सम्राट अशोकावर पद्यनाटक लिहिलं होतं. यादी सुवाच्य अक्षरात होती:

'मुकुट २ (एक साम्राज्याचा, एक लहान राज्याचा). तलवारी १६. ढाली १६. सिंहासन १, उंच. झेंडे, असतील तेवढे. हत्ती ?'

"गुरुजी, हत्तीपुढं प्रश्नचिन्ह काहून?"

"तुमच्याकडं असतो का न्हाई, ते माहीत न्हवतं."

"सोंड हाय. बाकीचा हत्ती गावानं घालायचा."

ते हसले नाहीत. सोंड एक, असं लाल पेनानं दुरुस्त केलं. मी म्हटलं, सोळा तलवारी कशाला, सहात भागतं. तीच माणसं विंगेतून फिरवायची, दुसऱ्या बाजूनं आली की दुसरं सैन्य. आमच्याकडच्या सगळ्या लढाया मी सहा तलवारींत लढवल्या होत्या.

"न्हाई राजाभाऊ. साम्राज्य दिसलं पाह्यजे," गुरुजी म्हणाले. "माझा आजा गावात शिरताना पायताण काढून हातात घ्यायचा. बापाला चावडीच्या पायरीवर बसलेला मी कधी पाह्यला न्हाई. आमच्या माणसाला एकदा तरी उंच सिंहासनावर बसलेला पाह्यचाय मला. आणि खाली सोळा तलवारी पाह्यजेत. सहा न्हाई."

मी सोळा दिल्या. दोन नांदेडहून मागवल्या.

नाटक दसऱ्याला होतं. ती बौद्ध मंडळी त्या दिवसाला अशोक विजयादशमी म्हणतात. कलिंगची लढाई जिंकून सम्राटानं शस्त्र टाकलं त्याचा दिवस. पण गुरुजींच्या नाटकात तीन अंक नुसती लढाई होती आणि शस्त्र टाकणं शेवटच्या चार ओळींत. मी खोडीला सोकावलेला. म्हटलं, "गुरुजी, तलवार टाकायच्या दिवसाला तुमी सोळा नेऊन राहिले?"

"टाकायला आधी हातात पाह्यजे ना," ते म्हणाले.

सम्राटाचं काम गुरुजी स्वतः करायचे. कलिंगचा राजपुत्र होता त्यांचा मुलगा मिलिंद, सतरा वर्षांचा. उंच, सावळा, आणि मरण्यात पटाईत. हे गमतीनं म्हणत नाही. हौशी नटांना मरता येत नाही. कुणी मेल्यावर डास मारतो, कुणी मान उचलून टाळ्या कुणाला पडल्या ते बघतो, एकानं तर मेल्यावर लुंगी सारखी केली होती. मिलिंद तलवार लागली की गुडघ्यावर यायचा, एकदा आभाळाकडं बघायचा आणि असा पडायचा की पुढच्या रांगेतल्या बाया पदर तोंडात घ्यायच्या.

तालमीला मी गेलो होतो. राजपुत्र पडल्यावर सम्राट शेजारी उभा राहून विजयाचं कवन म्हणायचा. कवन जबरदस्त होतं, पण उभं राहणं ढिलं. मी बसल्या जागेवरून ओरडलो, "गुरुजी, पाय ठेवा! छातीवर पाय ठेवा आन् मग म्हणा. टाळ्या न्हाई पडल्या तर माझी ड्रेपरी फुकट!"

गुरुजी थबकले. पोराकडं पाहिलं.

"ठेवा बाबा," मिलिंद पडल्या पडल्या म्हणाला. "मला काई व्हत न्हाई."

त्यांनी पाय ठेवला, हात वर केला आणि म्हटलं:

गेलं कलिंग मातीत,
माझा झेंडा आभाळात;
सांगा जाऊन दर्याला,
तूही माझ्या मुलखात!

दसऱ्याला या चार ओळींनी मंडप उडाला. शिट्ट्या, टोप्या, आणि 'वन्स मोअर'. आता मरणाला वन्स मोअर कसा द्यायचा? पण आमच्या भागात वन्स मोअर आला की द्यावाच लागतो, नाहीतर लोक खाली बसत नाहीत. मिलिंद उठला, माती झटकली, पुन्हा तलवार खाल्ली, पुन्हा पडला. गुरुजींनी पुन्हा पाय ठेवला. मी विंगेत नाचत होतो.

जेवायला त्यांच्याच घरी गेलो. गुरुजींच्या बायकोला मी वहिनी म्हणायचो. तव्यावरची भाकरी माझ्या ताटात टाकत त्या म्हणाल्या, "दर्या घेतला म्हणे ह्यांनी. पिठाची गिरणी तेवढी घ्यायची राह्यली. तीन कोस चालत जाते मी."

तेव्हापासून दर दसऱ्याला हे ठरून गेलं. पुढं मिलिंद फौजेत भरती झाला, तरी रजा दसऱ्याला जुळवून घ्यायचा. एखाद्या वर्षी नाहीच जुळली तर नाटक होत नसे, कारण दुसऱ्याच्या मरणाला गावानं टाळ्या दिल्या नसत्या. चार ओळी पोराटोरांच्या तोंडी बसल्या. बैल हाकताना म्हणत, कबड्डी जिंकल्यावर म्हणत. शाळेच्या सहलीत बसमध्ये म्हणत.

नव्व्याण्णव साली आमचा हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि त्याच उन्हाळ्यात टीव्हीवर लढाई सुरू झाली. मिलिंद तिकडं होता. गुरुजींचे ते दोन महिने कसे गेले मला माहीत नाही, पण पोरगं धड परत आलं, दसऱ्याला रजेवरही आलं. त्या वर्षीची यादी माझ्याकडं आहे: 'तलवारी २४'. लाल पेनानं खाली दोन रेघा. पाच गावांची माणसं ट्रॅक्टर भरून आली होती. कवनाला तीनदा वन्स मोअर. लढाईवरून आलेला खरा शिपाई लोकांच्या आग्रहासाठी तीनदा मेला.

नाटकानंतर मी खोबरेल तेलानं दोघांचे रंग उतरवत होतो. बाप एका पेटीवर, लेक दुसरीवर. मिलिंद डोळे मिटून म्हणाला, "राजाकाका, आपल्या नाटकात मेलेली मानसं लई बेस पडतात हो."

"मी पाडतो म्हणून."

"व्हय. एका वळीत पडतात. कापडं बराबर असतात."

"मग?"

"काई न्हाई. तिकडं तसं न्हाई पडत."

एवढंच बोलला. गुरुजी गालावर तेलाचा बोळा धरून बसले होते. तो हात तसाच राहिला. तेल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.

पुढच्या वर्षीची यादी वाचून मी दोनदा चष्मा पुसला. 'तलवारी ८. झेंडा १. फाटके कपडे, असतील तेवढे. पांढरी लुगडी ४.'

"गुरुजी, फाटके कपडे भाड्यानं नेणारे तुमी पहिले. आणि लुगडी कुणासाठी?"

"लढाई झाल्यावर रानात कोण येतं, ते दाखवायचंय."

"कोण येतं? गिधाडं?"

"बाया येतात राजाभाऊ. हुडकायला."

त्यांनी नवा प्रवेश लिहिला होता. चार बाया कंदील घेऊन पडलेल्यांत आपापला माणूस शोधतात. मी विंगेतून पाहिला आणि खरं सांगतो, पुढच्या प्रवेशाची दाढी लावायची विसरलो. पण गाव? गाव त्या प्रवेशाला चहा प्यायला उठलं. कवनाच्या वेळेला परत येऊन बसलं. नाटक संपल्यावर गुरुजींनी मला विचारलं, "कवन काढून टाकू का? त्या बायांच्या नंतर ते माझ्या तोंडून निघत न्हाई."

आणि मी, ज्यानं अनेक गावांची नाटकं पडताना आणि उठताना पाहिली होती, मी जाणकाराच्या थाटात म्हणालो, "गुरुजी, कवन काढलं तर नाटकात राहतं काय? चार बाया आन् एक कंदील?"

त्यांनी कवन ठेवलं. माझ्या आयुष्यात मी बऱ्याच गावांना वाईट दाढ्या दिल्या, त्याचं काही वाटत नाही. या सल्ल्याचं वाटतं.

दोन हजार एकच्या हिवाळ्यात फौजा पुन्हा सीमेवर जाऊन उभ्या राहिल्या. मिलिंदचं पत्र आलं, ते गुरुजींनी मला दाखवलं होतं. 'इथं वाळूत आमी सुरुंग पेरून राहिलो. मैलोन्‌मैल. आपल्या बापजाद्यांनी एवढी पेरणी केली न्हाई.' पोराला विनोद बापाकडून मिळाला नव्हता, आईकडून होता. महिने गेले. लढाई झालीच नाही. दोन्हीकडचे लोक परत फिरले. पण पेरलेलं काढावं लागतं. ते काढताना मिलिंद गेला. सत्तावीस वर्षांचा होता, सोयरीक पाहणं चालू होतं.

मिलिंदची पेटी आली तेव्हा मी गेलो. बरोबर आलेल्या जवानांनी हळू आवाजात सांगितलं, पेटी उघडायची नाही. वहिनींनी दोनदा विचारलं, नुसतं तोंड तरी? एका जवानानं पेटीवरचं कापड सारखं केलं. ट्रॅक्टरला फुलं लावली होती. गावातली पोरं, मिलिंदच्या बरोबरीची, रडून लाल झालेली. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, मिलिंदचं असं काहीतरी. आणि त्यांच्यापाशी मिलिंदचं म्हणावं असं एकच होतं. एकानं सुरू केलं, मग सगळ्यांनी.

गेलं कलिंग मातीत, माझा झेंडा आभाळात.

स्मशानापर्यंत तेच. मनापासून, छाती फुटेस्तोवर. गुरुजी पुढं चालत होते. मी त्यांच्या एक पाऊल मागं होतो. त्यांची मान हळूहळू खांद्यांत जाताना मला दिसली, मागून दगड येत असावेत तशी.

त्या वर्षी नाटक झालं नाही. पुढच्या भाद्रपदात गुरुजी आले. खिशाला पेन नव्हतं. यादी बसच्या तिकिटाच्या मागं मावेल एवढी: 'मुकुट १. दाढी १. राजपुत्राचा पोशाख १. पांढरी लुगडी, असतील तेवढी.'

"तलवारी?"

"नको."

"सिंहासन?"

"नको." ते बाकावर बसले. "मी आपला माणूस उंच बसवायला निघालो होतो, राजाभाऊ. पायाखाली कोण हाय ते पाह्यलंच न्हाई."

गावाला मिलिंदच्या नावानं नाटक करायचं होतं. गुरुजी तयार झाले, पण कवन म्हणणार नाही म्हणाले. त्याऐवजी राजपुत्राच्या प्रेताशी सम्राट दुसरं काही बोलेल. काय बोलेल, ते लिहून झालं नव्हतं. "वही घेऊन बसतो. एक अक्षर येत न्हाई. चाळीस वर्षं लिहून राहिलो, आता हात कोराच."

दसऱ्याच्या दिवशी मी पेट्या घेऊन दुपारीच पोचलो. त्या वर्षी लाइट जायची ती संध्याकाळची, म्हणून नाटक चार वाजता, उजेडात करायचं ठरलं होतं. रंग बत्तीसाठी असतो, उन्हासाठी नाही; नेहमीसारखा लावला असता तर सगळी मंडळी हळदीच्या पोत्यातून काढल्यासारखी दिसली असती. मी शाळेच्या खोलीत गुरुजींना पातळ हातानं रंगवायला घेतलं. दाढीला गोंद लावला तेवढ्यात कमिटीचे अध्यक्ष किसनराव आत आले. वाईट माणूस नव्हे. मिलिंदच्या पेटीला पहिला खांदा त्यांचा होता.

"गुरुजी, आयकलं ते खरं का? कवन न्हाई म्हणणार?"

गुरुजींनी मान हलवली. "हलू नका," मी म्हटलं, "गोंद ओला हाय."

"बाहेर सात गावची मानसं बसलीत. मिलिंदसाठी आलीत. त्यांना काय सांगू? लढाईत जिंकलो न्हाई म्हणून सांगू?" किसनरावांचा आवाज फुटला. "मग पोरगं उगाच गेलं का हो गुरुजी?"

वहिनी चहा घेऊन दारात आल्या होत्या. त्यांनी ते ऐकलं. त्या नवऱ्याकडं बघत राहिल्या, जसं काही याचं उत्तर याच माणसाकडं असणार, एवढी पुस्तकं वाचलेला. गुरुजींच्या हनुवटीला मी दाढी दाबून धरली होती. माझ्या तळव्याखाली त्यांचा जबडा हलला, थांबला. मग ते किसनरावांना म्हणाले, "म्हणतो. जा."

वहिनींनी कपबश्या पेटीवर ठेवल्या आणि पुढं बायकांत जाऊन बसल्या.

राजपुत्राचं काम मिलिंदचा चुलतभाऊ सतीश करत होता. कॉलेजात शिकणारा, भेदरलेला. मी घाईत लुगडी वाटली, पोशाखाचं गाठोडं सोडलं, त्याच्या अंगावर निळा अंगरखा चढवला, नाड्या बांधल्या. आता माझी चूक सांगतो. आमच्या धंद्यात कपडे अदलाबदल होऊ नयेत म्हणून गळ्याच्या आतल्या बाजूला पांढरी पट्टी शिवतात आणि पक्क्या शाईनं नटाचं नाव घालतात. नट बदलला की पट्टी उसवायची, नवी लावायची. एवढी वर्षं मी हे डोळे मिटून करत आलो. त्या गावच्या राजपुत्राची पट्टी मात्र कधी बदलावीच लागली नव्हती, म्हणून हात तिकडं गेलाच नाही.

नाटक चाललं. चार बायांच्या जागी अकरा बाया आल्या होत्या. पांढरी लुगडी माझ्याकडची संपली, तर त्यांनी घरची आणली. या वेळी त्या प्रवेशाला चहाला कुणी उठलं नाही. सतीश पडला. पडला तोही बरा. उताणा, हात पसरून. सम्राट आला. तलवार नव्हती, झेंडा नव्हता. डोक्यावर माझा पत्र्याचा मुकुट, बस. लोक सावरून बसले. सगळ्यांना माहीत होतं आता काय येणार.

गुरुजींनी पाय उचलला नाही. ते खाली बसले. मला वाटलं, बसून म्हणणार. त्यांनी राजपुत्राचं डोकं सारखं करायला मानेखाली हात घातला, अंगरख्याचा गळा उलटला आणि ते थांबले. विंगेतून मला पट्टी दिसत नव्हती. पण त्यांचा अंगठा दिसत होता. तो एका जागेवरून पुन्हा पुन्हा फिरत होता, लहान मुलाची पाटी पुसावी तसा. तिथं नाव होतं, आणि ते अक्षर माझं होतं. 'मिलिंद'.

गुरुजींचं तोंड उघडं होतं. आवाज नव्हता.

आणि मग लोकांना वाटलं, गुरुजी विसरले. म्हातारा माणूस, पोरगं गेलेलं, विसरणारच. आमची माणसं फार मायाळू. पुढच्या रांगेतून कुणीतरी हळूच आठवण दिली, "गेलं कलिंग मातीत…" मग शेजारच्यानं, मग पोरांनी, मग बायकांनी, अगदी हलक्या आवाजात, चालायला शिकणाऱ्याला बोट द्यावं तसं, सगळं मैदान गुरुजींना त्यांच्याच ओळी सांगायला लागलं. माझा झेंडा आभाळात. सांगा जाऊन दर्याला. किसनराव रडत रडत सांगत होते.

गुरुजींनी मोकळा हात वर केला. वन्स मोअर थांबवायचा हात नव्हता तो, आणि आशीर्वादाचाही नव्हता. नुसता पंजा. आवाज एकेक करून बंद पडत गेले, शेवटी एक लहान पोरगी तेवढी म्हणत राहिली आणि तिच्या आईनं तिचं तोंड दाबलं. गुरुजींनी मुकुट काढून बाजूला ठेवला. तो कलंडला, फळ्यांवरून गडगडत कडेला गेला, आणि मी, ज्यानं मुकुटासाठी माणसांशी भांडणं केली, मी तो उचलायला हललो नाही.

सगळे वाट बघत होते, सम्राट आता काय बोलतो. मीही. मला वाटलं, आता येईल ती ओळ, जी वहीत येत नव्हती. गुरुजी सतीशच्या मानेखाली हात तसाच ठेवून बसून होते. त्यांना नुसतं बसायचं होतं.

आमचा मंडप पश्चिमेकडं तोंड करून होता. साडेपाच झाले असतील. सूर्य उतरून वरच्या कापडाखाली आला आणि एक तिरपी पट्टी फळ्यांवरून सरकत सरकत पडलेल्या पोराच्या गळ्यापर्यंत, हनुवटीपर्यंत, डोळ्यांपर्यंत पोचली. सतीशच्या मिटलेल्या पापण्या थरथरल्या, पण बिचारा हलला नाही.

बायकांच्या घोळक्यात वहिनी उभ्या राहिल्या. भर मैदानात, सात गावांच्या देखत, भाजी आणायला निघालेल्या नवऱ्याला दारातून हाक मारावी तशा आवाजात त्या ओरडल्या, "आवो, बसून काय राह्यले! लेकराच्या तोंडावर ऊन येऊन राह्यलं, जरा आड व्हा ना!"